चिंचटाकळीची गाडी वाढली

चिंचटाकळी हे गाव नकाशात शोधू नका. गाव खरं आहे, नाव मी बदललं आहे. ज्या आगाराची ही हकिगत आहे त्याचंही नाव लिहिणार नाही. हिंगोली जिल्ह्याच्या या कोपऱ्यात तीन-चार आगारांच्या गाड्या फिरतात, त्यांतलं एक समजा.

खरं तर नाव घेऊन बोलायची मला सवय आहे. माझे बाबा सोलापुरात छापखान्यात कामाला होते आणि रात्रपाळीच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी मुळाक्षरं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. ‘ज’ म्हटलं की वर्गातल्या पोरांना जहाज आठवायचं, मला ‘जाहीर निषेध’. तरी या वेळी मी नाव गाळते आहे. तशी अट मला एका बांगडीवालीने घातली आणि मी ती मान्य केली. का केली, ते पुढे येईलच.

वसमत ते फाटा

सुरुवात एका फोटोने झाली. सुमेधाने तो मोबाइलवर पाठवला होता. सुमेधा चिंचटाकळीची, वीस वर्षांची, शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या साली एका विद्यार्थी शिबिरात आम्ही दोघी एकाच सतरंजीवर झोपलो होतो, तेवढी ओळख. फोटो आगाराच्या पत्राचा होता, आणि खाली तिची एक ओळ होती: “ताई, हे वाचून आमी हसावं का रडावं?”

पत्रात होतं: ‘ग्रामस्थांनी स्वतः ठेवलेल्या नोंदवहीवरून सदर मार्गावरील फेऱ्या वाढल्याचे दिसून येते. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

तक्रार काय होती? सकाळी साडेसहाची गाडी. हमरस्त्यावरच्या फाट्यावरून चार किलोमीटर आत गावात यायचं, पोरीपोरांना आणि कामावरच्या माणसांना घ्यायचं आणि शहरात पोचवायचं, एवढंच तिचं काम. ती कित्येक महिने मनाला येईल तेव्हा फाट्यावरूनच वळून जात होती. कागदावर मात्र गावात येऊन जात होती. आणि वर म्हणे फेऱ्या वाढल्या!

सुमेधाचं वर्ष या गाडीच्या चाकाखाली आलं होतं. गाडी चुकली की सकाळची हजेरी बुडायची, दवाखान्यातली ड्युटी बुडायची. हजेरी इतकी कमी भरली की कॉलेजने हॉल तिकीट अडवलं. प्राचार्य बाई म्हणाल्या, “गाडी कोणकोणत्या दिवशी आली नाही, ते आगाराच्या सही-शिक्क्याने लिहून आण. मग मी तुझ्यासाठी भांडेन.” मुदत उरली होती चार दिवसांची. आणि आगाराने तर तक्रारच निकाली काढलेली.

मी पिशवी भरली.

वसमतला उतरले तेव्हा फाल्गुनातली सकाळ होती आणि सगळ्या गावाला ओल्या हळदीचा वास होता. आमच्या सोलापूरकडे हळद डब्यात असते, चमच्याने मोजून बाहेर येते. इथे ती पोत्यांनी, ट्रॅक्टरांनी, रस्त्यारस्त्याने वाहते. स्टँडसमोरून काळीपिवळी जीप मिळाली. आत माणसं इतकी की माझा एक पाय कुठल्या तरी आजोबांच्या पिशवीत होता.

“मावशी, सरका जरा, आजून तिघं बसत्यात,” ड्रायव्हर म्हणाला.

“कुठं बसत्यात? माझ्या डोक्यावर?”

“डोक्यावर तुमचं गाठोडं हाय ना. न्हाईतर बसिवलं असतं.”

जीप हसली. मीही हसले, आणि लगेच मनात आलं की हे हसून सोसणंच तर या लोकांना महाग पडतं आहे. तेव्हा मी असाच विचार करत होते, दर दोन मिनिटांनी एक घोषणा.

हट्टा गाव मागे पडलं आणि थोड्या वेळाने फाटा आला. सुमेधा चालत घ्यायला आली होती. चार किलोमीटर आम्ही पायी निघालो. दोन्ही बाजूंना हळद शिजत होती. लोखंडी टाक्यांमधून वाफ निघत होती आणि रस्त्याच्या कडेला शिजलेली हळद ताडपत्र्यांवर पसरलेली होती. मागून ट्रॅक्टर आला, मी बाजूला झाले, पाय घसरला आणि थेट हळदीच्या ढिगात बसले. माझा पांढरा कुर्ता कमरेपासून खाली पिवळाधमक झाला.

हळद पसरणारी एक बाई ओरडली, “आगं, हिला हळद लागली! नवरदेव कुठं ऱ्हायला?”

“नवरदेव फाट्यावरूनच वळून गेला,” सुमेधा म्हणाली.

चिंचटाकळी

गावात गाडी थांबते, म्हणजे थांबायला हवी, त्या जागेसमोर जैतूनबीचं दुकान आहे. पत्र्याची टपरी. दर्शनी भागात बांगड्यांची तोरणं आणि मागे बिस्किटं, साबण, वह्या. जैतूनबी साठीच्या पुढची. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्यात बांगड्या भरण्याचं काम. गाव तिला चाची म्हणतं. ती चौथीपर्यंत मराठी शाळेत गेली आणि अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणून गावाने गाडीच्या नोंदीची वही तिच्याकडे दिली होती. गाडी येते की नाही ते रोज लिहून ठेवा, असं आगारानेच सांगितलं होतं. तक्रारीबरोबर ती वही आगारात जमा झाली आणि परत आली नव्हती.

मला भूक लागली होती. “चाची, बिस्किटं आहेत का?”

तिने माझ्या पिवळ्या कुर्त्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “बिस्कुटं वाढली, बाई.”

“किती वाढली?”

“समदीच वाढली.”

मला तेवढं निमित्त पुरलं. महागाई, तिची कारणं, तिच्याविरुद्ध संघटित होण्याची गरज, यावर मी दुकानासमोर उभ्या उभ्या पाच मिनिटं बोलले. जैतूनबीने शांतपणे ऐकून घेतलं, मग बरणीतून शेंगदाण्याची चिक्की काढून माझ्या हातात ठेवली. “ही खा. लई लांबून आलीस.” सुमेधा ओढणीत तोंड लपवून उभी होती. मला वाटलं, भारावली असेल.

सुमेधाच्या घरी शिरताच समोर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी खुंटीला तिचा नर्सिंगचा गणवेश, कडक इस्त्रीचा. तिची आई कांताबाई हळदीच्या कामावरून दुपारी आली. तिने धपाटे थापले, दही आणि मिरचीचा ठेचा वाढला. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते याचा मला अभिमान आहे, पण तव्यावरून ताटात पडलेला धपाटा एक मिनिटही टिकला नाही.

“गणवेश रोज संध्याकाळी इस्त्री करती,” कांताबाई लेकीकडे बघत म्हणाली. “सकाळी घालून उभी ऱ्हाती. गाडी आली न्हाई की तसाच काढून ठिवती. मला बघवत न्हाई.”

“वहीत जैतूनबींनी काय लिहिलं होतं?” मी विचारलं.

“जे झालं तेच. ती खोटं लिहील? मेली तरी न्हाई.”

संध्याकाळी मी जैतूनबीलाही विचारलं. ती म्हणाली, “जसं झालं तसं बराबर लिवलं. एक दिस चुकिवला न्हाई. ईदच्या दिवशी बी लिवलं.”

मग निष्कर्ष एकच निघत होता. जैतूनबीने खरं लिहिलं होतं आणि आगार म्हणत होतं की त्याच वहीत फेऱ्या वाढलेल्या दिसतात. म्हणजे आगारात कोणीतरी वही बदलली होती. मी दिवेलागणीला पत्रक लिहायला बसले. मथळा दिला: ‘वहीत खाडाखोड कोणी केली? जनता जाब विचारणार!’ बाबांची आठवण झाली. त्यांचा एक नियम होता: पत्रकात एक गोष्ट चुकली की उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टी कोणी वाचत नाही. मी पत्रक पुन्हा वाचलं. मला त्यात चूक दिसली नाही.

जवळा बाजार

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारचा आठवडी बाजार होता. सव्वासहाला आम्ही थांब्यावर होतो. सुमेधा गणवेशात, जैतूनबी बांगड्यांची पेटी घेऊन, आणखी सात-आठ जण. पावणेसात झाले. सात झाले. रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली की सगळे एकदम पाठ सरळ करत, मग बैलगाडी निघे.

“आली बघ, दोन शिंगांची,” कोणीतरी म्हणालं.

“हिच्यात पास चालतो का इचार.”

सव्वासातला सगळे मुकाट्याने चालू लागले. मला या मुकाटपणाचा सगळ्यात जास्त राग आला. जैतूनबीची पेटी मी आणि सुमेधाने आळीपाळीने उचलली. फाट्यावर चहाच्या टपरीसमोर धुळीत टायरचं मोठं ताजं अर्धवर्तुळ उमटलेलं होतं. टपरीवाल्याला मी विचारलं तर तो सहज म्हणाला, “आली ना. साडेसहाच्या आधीच आली. चा पिऊन वळून गेली.”

सुमेधाने त्या चाकोरीकडे पाहिलं. गणवेशावर बसलेली धूळ झटकली आणि म्हणाली, “चला ताई, आता कॉलेजात जाऊन काय करू. बाजारात चलते तुमच्यासंगं.”

जवळा बाजारात कापसाचा हंगाम सरत आलेला, सोयाबीनची पोती एका बाजूला आणि मधून माणसांची रांगच रांग. गोडीशेव तळणाऱ्या कढईजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. पत्रकाच्या प्रती निघाल्या आणि मी बाजारात फिरून वाटू लागले. लोक घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे. एका आजोबांनी तर त्यातच गोडीशेव बांधून घेतली.

जैतूनबीने लिंबाखाली पेटी उघडली होती. समोर बाया बसलेल्या. तिचं काम बघत राहावं असं होतं. ती आधी हात दाबते, अंगठ्याचं हाड मऊ करते, गप्पा मारते, आणि बाईचं लक्ष गप्पांत गेलं की बांगडी सरकन मनगटावर. गर्दी ओसरल्यावर तिने माझा हात ओढला.

“घे, तुला हिरव्या भरते. हळद तर लागलीच हाय.”

“चाची, मला नको.”

“नक्को कसं? गुमान बस. आन त्या कागदात काय लिवलं ते वाच.”

मी वाचून दाखवलं. ‘आगाराने वहीत खाडाखोड केली आहे!’ येथे आवाज चढवला. जैतूनबीचे हात थांबले.

“तू पाह्यली खाडाखोड?”

“पाहायची गरज काय? उघड आहे.”

“मी हातात घेतल्याबिगर कोणाचं माप सांगत न्हाई,” ती म्हणाली आणि तेवढ्यात माझ्या मुठीवर कट्‌ झालं. काचेचा तुकडा खाली पडला. “वाढली एक,” ती पुटपुटली, तुकडा उचलून पदराच्या टोकात ठेवला आणि दुसरी बांगडी घेतली. “तू हात कडक करतीस. राग हातात ठिवती.”

दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या घालून, पिवळ्या कुर्त्यात, मी आणखी थोडी पत्रकं वाटली; उरलेला गठ्ठा जैतूनबीच्या पेटीत गेला.

आगार

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघी आगारात गेलो: सुमेधा, कांताबाई, जैतूनबी आणि मी. गाडी त्या दिवशीही आली नव्हती. जीपने गेलो.

आगाराचे साहेब चाळिशीचे, कोकणातले, बदलून आलेले. टेबलावर फायली, खिडकीबाहेर धुतल्या जाणाऱ्या बसचा आवाज. बाजूच्या टेबलावर शिंदेबाई नावाच्या लिपिक. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “लग्नघरातून आलात का?”

मी उत्तर न देता साहेबांच्या टेबलावर पत्रक ठेवलं. त्यांनी ते अगदी सावकाश, शेवटच्या ‘लढेंगे’पर्यंत वाचलं.

“तुम्ही ही वही स्वतः पाहिली आहे?”

दोन दिवसांत दुसऱ्यांदा हाच प्रश्न. “तुम्ही दाखवा,” मी म्हणाले.

शिंदेबाईंनी कपाटातून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कडेला दोरा बांधलेली. मी खाडाखोड शोधायला वाकले. एक रेघ खोडलेली नव्हती. एक पान फाटलेलं नव्हतं. तारखेपुढे तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे मोत्यासारख्या अक्षरात एकेक शब्द.

आली. आली. वाढली. वाढली. आली. वाढली. वाढली. वाढली.

पानामागून पान. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली असावी. साहेबांनी वही जैतूनबीकडे वळवली. “हे अक्षर तुमचं?”

“व्हय, माझंच.”

“कोणी लिहायला सांगितलं होतं असं?”

“कोण सांगनार? मीच लिवलं.”

“मग? तुम्हीच लिहिताय गाडी वाढली, गाडी वाढली, आणि तुम्हीच तक्रार करताय. तक्रार निकाली काढू नको तर काय करू?”

मी जैतूनबीकडे पाहिलं. आता लिहिताना शरम वाटते, पण माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की हिला कोणीतरी फोडलं. “चाची,” मी जवळजवळ ओरडलेच, “हे काय लिहून ठेवलंत तुम्ही?”

“काहून? चुकलं का?”

“गाडी वाढली?”

“मंग वाढली त्या दिवशी वाढलीच लिवनार ना, बाई!”

कांताबाई मान हलवत होती, म्हणजे यात चुकलं काय असं. मग सुमेधाच्या घशातून विचित्र आवाज निघाला. हसू आणि हुंदका एकदमच.

“साहेब,” ती म्हणाली, “वाढली म्हंजे आली न्हाई!”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “वाढली म्हणजे आली नाही? आपण मराठीच बोलतोय ना?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बिस्किटं वाढली. बांगडी वाढली. बांगडी फुटली असं माझी आत्याही कधी म्हणत नाही. मी मात्र महागाईवर पाच मिनिटं बोलले होते.

जैतूनबी खुर्चीत पुढे सरकली. “सायब, सकाळची येळ असती. बोहनी झालेली नसती. समोर बांगड्या, सवाष्णींचं लेणं. तवा मी तोंडातून ‘न्हाई’ काढत न्हाई, आन कागदावर तर काढतच न्हाई. आन ही लेकरं त्या गाडीत बसून शिकाया जात्यात. त्या गाडीच्या म्होरं रोज न्हाई, न्हाई, न्हाई लिहू? माझ्या हातानं?” मग ती शिंदेबाईंकडे वळली. “बाई, तुझी बांगडी टिचली तर तू काय म्हनतीस?”

शिंदेबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. “वाढली म्हणते.”

“आन घरातलं कुंकू सरलं तर?”

“वाढलं म्हणते.” त्या साहेबांकडे बघायचं टाळत होत्या. वहीवरून तो शेरा त्यांनीच तयार केला होता, हे नंतर कळलं. “सर, मी ते... सरकारी वही म्हणून वाचली. घरातल्यासारखी वाचली नाही.”

“आमच्याकडे दुकान वाढवतात,” साहेब म्हणाले. “नारळ वाढवतात.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “पण गाडी?”

“गाडी बी रोज बांगडीवानी फुटून ऱ्हायली हुती ना, सायब,” जैतूनबी म्हणाली.

शब्द उलगडला, तरी पुरावा व्हायचा होता. हे साहेबांनीच सुचवलं, आणि त्याचं श्रेय मी त्यांना देते. गाडी गावात गेली असेल तर चिंचटाकळीपासूनचं निदान एक तिकीट किंवा पासाची एक नोंद वाहकाच्या मशीनमध्ये असणार. शिंदेबाईंनी संगणकावर नोंदी काढल्या. वही माझ्या हातात, कॉलेजच्या हजेरीचा कागद सुमेधाच्या हातात. मी तारीख वाचायची आणि जैतूनबीचा शब्द वाचायचा, सुमेधाने आपली हजेरी सांगायची, शिंदेबाईंनी मशीन सांगायचं.

“वाढली.”

“गैरहजर.”

“तिकीट नाही.”

“वाढली.”

“गैरहजर.”

“तिकीट नाही.”

प्रत्येक ‘नाही’ला जैतूनबी पदर तोंडाशी नेऊन काहीतरी पुटपुटायची. पाचव्या-सहाव्या तारखेला शिंदेबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज बदलला.

“तिकीट वाढलं.”

साहेबसुद्धा हसले. मग आमचा सूरच लागला. पानंच्या पानं गेली आणि एक तारीख हुकली नाही. ‘आली’ लिहिलं होतं तिथे तिकिटं होती, ‘वाढली’ लिहिलं होतं तिथे मशीन कोरं होतं. मी आजवर पुष्कळ निवेदनं पाहिली, इतकं खरं एकही पाहिलं नव्हतं.

सुमेधाचा प्रमाणपत्राचा कागद साहेबांनी स्वतः सांगून टाइप करून घेतला, तारखांच्या यादीसह. सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत सुमेधा तो कागद दोन्ही हातांत आडवा धरून उभी होती, नुकत्या काढलेल्या रांगोळीला वारा लागू नये तशी. मी म्हणाले, गाडीचं काय ते लेखी हवं. तेही मिळालं: चालक-वाहकांचे जबाब घेतले जातील, उद्यापासून गाडी गावात जाईल, आणि गेल्याची सही वाहकाने वहीत करायची.

“आणि हे?” साहेबांनी पत्रकाला बोट लावलं.

“यातली एक ओळ चुकली आहे,” मी म्हणाले. “मुख्य ओळ. तुम्ही खाडाखोड केलेली नाही. मी दुरुस्ती छापेन. बाकीचं पत्रक मात्र मागे घेणार नाही. तुम्ही शब्द वाचला, गावात जाऊन गाडी पाहिली नाही.”

“हे मान्य आहे,” ते म्हणाले.

नवी वही देताना त्यांनी जैतूनबीला विनंती केली, यापुढे कृपा करून ‘आली नाही’ असं स्वच्छ लिहा. जैतूनबीने वही परत टेबलावर ठेवली. “मंग दुसऱ्या कोणाला द्या. मी न्हाई ते लिवनार.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी त्यांनी पट्टी घेतली आणि पहिल्या पानावर स्वतः दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘आली’, दुसऱ्यावर ‘वाढली’. तळाला लाल शाईत टीप दिली: ‘वाढली म्हणजे गाडी आली नाही असे वाचावे.’ खाली सही, शिक्का. सरकारी दप्तरात हा अर्थ नोंदला गेल्याचं बहुधा हे पहिलंच ठिकाण.

बाहेर पडल्यावर मी सांगितलं की आता सगळी हकिगत नावानिशी लिहिणार. जैतूनबी थांबली.

“त्याचं नाव छापू नको.”

“चाची, तत्त्वाचा प्रश्न आहे. जबाबदार माणसाचं नाव—”

“चूक झाली, मानली, कागद दिला. आता गाडी येऊ दे. तू बी चुकलीस. बाजारात चुकलीस, समद्यांम्होरं. तुझं नाव छापून वाटू का?”

मी अट मान्य केली, पण माझीही एक घातली: गाडी पुन्हा फाट्यावरून वळू लागली तर नाव छापणार. ती म्हणाली, “हौ, मंग मीच छापते.”

परत

शेवटच्या सकाळी थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. निम्मी नुसती बघायला आलेली. सुमेधा गणवेशात, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेलं. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली आणि वळणावर हळदीच्या वाफेतून आधी हॉर्न आला, मग लाल रंग.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जीपमधल्यासारखं सगळे एकदम बोलू लागले, जागा धरू लागले, भांडू लागले. मला त्या भांडणाने इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. चालकाने खाली न उतरता जैतूनबीला विचारलं, “चाची, काय लिहिता आज?”

“तू गप बस. वाहकाला सही कराया पाठीव,” ती म्हणाली, आणि पहिल्या रकान्यात अगदी हळू, शाळेतल्या मुलीसारखं, एक शब्द लिहिला.

शहरात मी कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबले. बांगड्या कुर्त्याच्या बाहीत ढकलत, परत काढत. पाऊण तास गेला. मग सुमेधा आली. ती पळत नव्हती. एक छोटासा कागद तिने मला दाखवला, वर तिचा फोटो, खाली परीक्षेचा क्रमांक. माझ्या हाती देऊन पुन्हा लगेच काढून घेतला.

“ताई, मी आत जाते. ड्युटी हाय,” ती म्हणाली, आणि गेली.

सोलापूरला येऊन महिना होत आला. दुरुस्तीचं पत्रक छापून जवळा बाजारला पाठवलं, अक्षर मुद्दाम पहिल्याइतकंच मोठं ठेवलं. काल सुमेधाचा फोन होता, शेवटचा पेपर झाला म्हणून. वही काय म्हणतेय, विचारलं. म्हणाली, ‘वाढली’च्या रकान्यात एकच दिवस भरलाय. टायर गेला होता. पण आगारातून आधीच फोन आला आणि सातपर्यंत दुसरी गाडी आली. जैतूनबीने त्या तारखेला दोन्ही रकान्यांत लिहिलं.

मग तिने फोन चाचीच्या टपरीत नेऊन दिला.

“चाची, माझी जुनी पत्रकं, खाडाखोडवाली, तुमच्याकडे गठ्ठा राहिला होता ना? ती फाडून टाका.”

“बांगड्या बांधाया घेतली मी,” जैतूनबी म्हणाली. “कागद जाड हुता. बांगडीला बराबर.”

“किती उरलीत आता?”

“वाढली, बाई.”

या खेपेला मी ‘किती वाढली’ असं विचारलं नाही.